ऐकू आलं, त्यावरून काय सिद्ध झालं? : हौशी रेडिओतल्या अँटेनांच्या तुलनेचा इतिहास

व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला अँटेनाशी काय करायचंय? रास्त प्रश्न आहे. "हे त्याच्यापेक्षा चांगलं" असं वाक्य आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. औषधाबद्दल, शाळेबद्दल, आंब्याबद्दल. त्यावर "कशावरून?" एवढंच विचारत राहणं हा आमच्या विषयाचा जुना धंदा. हाच प्रश्न एका हौशी जमातीनं गेली शंभर वर्षं गच्चीवर, शेतात, समुद्रकाठी, स्वतःच्या खिशातले पैसे घालून कसा सोडवत आणला, ते मला आज सांगायचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. हौशी रेडिओ म्हणजे सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि ठरवून दिलेल्या बँडमध्ये स्वतःच्या यंत्रावरून जगभरच्या इतर परवानाधारकांशी बोलायचं; त्यातून पैसा मिळवायचा नाही. या लोकांना हॅम म्हणतात. यंत्र आताशा तयार विकत मिळतं. अँटेना मात्र अजूनही पुष्कळ जण स्वतः करतात, आणि म्हणून "माझा चांगला की तुझा" हा वाद या छंदाइतकाच जुना आहे.

सुरुवात १९२१ पासून करू. अमेरिकेत १९१२ च्या कायद्यानं हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून कमी तरंगलांबीवर ढकललं होतं. हा भाग तेव्हा निरुपयोगी समजला जाई. मोठ्या कंपन्या हजारो मीटरच्या दीर्घलहरी वापरत. तरी अमेरिकन हौशी संघटनेनं ठरवलं, की आपल्या लोकांचे संदेश अटलांटिकच्या पलीकडे ऐकू येतात का ते बघायचं. १९२१ च्या फेब्रुवारीत पहिली चाचणी झाली. ब्रिटनमधल्या हौशींनी कान लावून ऐकलं, पण खात्रीचं काहीच हाती लागलं नाही. मग डिसेंबरातल्या चाचणीसाठी संघटनेनं पॉल गॉडली नावाचा आपला निष्णात माणूस बोटीनं पाठवला. तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्ड्रोसान इथं गेला, उघड्या शेतात तंबू ठोकला, आणि सुमारे १३०० फूट लांबीची तार बुटक्या खांबांवरून ओढली. हा बेव्हरेज अँटेना. हॅरल्ड बेव्हरेज या अमेरिकन अभियंत्याच्या नावाचा. दिसायला कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा, पण एका दिशेकडून येणारे लहरींचे सिग्नल उत्तम पकडणारा आणि इतर बाजूंचा कलकलाट बराच टाळणारा. थंडी, पाऊस, वारा, आणि हा गृहस्थ तंबूत कानाला हेडफोन लावून बसलेला. त्यानं कनेटिकटमधल्या ग्रीनिच इथलं 'वन बीसीजी' हे केंद्र ऐकलं, आणि १२ डिसेंबरच्या पहाटे तिथून आलेला पूर्ण संदेश उतरवून घेतला. त्या केंद्राची ताकद होती जेमतेम एक किलोवॅट. त्याखेरीज आणखीही अनेक अमेरिकन हौशी केंद्रं त्याला ऐकू आली.

मोठा विजय, यात शंका नाही. पण आता आपला प्रश्न विचारू. त्यावरून काय सिद्ध झालं? बेव्हरेज अँटेना घरच्या तारेपेक्षा चांगला, हे?

फेब्रुवारी आणि डिसेंबर यांमध्ये काय काय बदललं बघा. अँटेना बदलला. रिसीव्हर बदलला, गॉडलीकडे आर्मस्ट्राँगच्या पद्धतीचा सुपरहेटरोडाइन होता, जो तेव्हा अगदी नवा. ऐकणारा माणूस बदलला. जागा बदलली, समुद्राकाठची झाली. ऋतू बदलला. आणि पलीकडची केंद्रंही ईर्ष्येनं सुधारली. वन बीसीजी तर खास याच चाचणीसाठी उभारलेलं. यावर कडी म्हणजे, त्याच डिसेंबरात ब्रिटनमधल्या काही हौशींनी आपल्या घरी, साध्या तारांवर, काही अमेरिकन केंद्रं ऐकली. मग यशातला बेव्हरेजचा वाटा किती?

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात यासाठी फार नेमका शब्द आहे : उपाधी. 'जिथे अग्नी तिथे धूर' असं कोणी अनुमान केलं तर नैयायिक म्हणतो, थांब. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धूर अग्नीमुळे एकट्यानं येत नाही, ओल्या लाकडाचा संयोग लागतो. ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी. लपून बसलेली अट. अँटेनांच्या तुलनेचा सगळा इतिहास म्हणजे एकेक ओलं लाकूड सापडत जाण्याचा इतिहास आहे, असं मला वाटतं.

सगळ्यांत मोठं ओलं लाकूड आकाशात होतं. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या नीसचा लेऑन दलुआ आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल यांनी शंभर मीटरच्या आसपासच्या लहरींवर अटलांटिकपार पहिला दुतर्फा हौशी संपर्क केला. १९२४ च्या अखेरीस अ‍ॅपलटननं ब्रिटनमध्ये प्रयोगानं दाखवून दिलं, की या लहरी परत फिरवणारा विद्युत्भारित थर वातावरणात खरोखरच आहे. आज आपण त्याला आयनांबर म्हणतो. म्हणजे दूरचा सिग्नल आरशातून आलेला असतो, आणि हा आरसा हलता आहे. तासागणिक, ऋतूगणिक, आणि सूर्यावरच्या डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राप्रमाणे तो बदलतो. काल संध्याकाळी जुन्या अँटेनावर जपान कमी ऐकू आला आणि आज नव्यावर जोरात, तर बदललं काय? अँटेना की आरसा?

हा प्रश्न व्यावसायिकांना इतका छळत नव्हता. आपल्या अगदी जवळचं उदाहरण घ्या. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातली लघुलहरींची 'बीम' तारसेवा सुरू झाली. तिचं प्रेषण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला. पुणेकरांपैकी किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. उंच मनोऱ्यांवर तारांचे पडदे टांगलेले, थेट इंग्लंडच्या दिशेनं रोखलेले. तिथं मार्ग एकच, समोरचं केंद्र एकच, माणसं पाळ्यांनी बसलेली. दिवसातून किती तास, किती शब्द बिनचूक पोचले, हा हिशेब आपोआप तयार होत होता. हौशी माणसाकडे यातलं काहीच नाही. त्याला ऑफिसातून घरी येऊन, जेवण करून, रात्री दोन तास मिळणार. समोर कोण भेटेल ते नशिबावर. म्हणून त्याचं माप एकच : संपर्क झाला की नाही.

त्याच सुमारास जपानमध्ये, सेंदाई इथल्या विद्यापीठात, शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी समांतर नळ्यांचा तो अँटेना काढला, जो आपण सर्वांनी दूरदर्शनच्या काळात गच्चीगच्चीवर पाहिलाय. एका नळीला वीज द्यायची. मागची थोडी लांब नळी परावर्तक होते, पुढच्या आखूड नळ्या लहर पुढे ओढतात. काम मुख्यतः उदांचं, नाव जगभर यागींचं. याच उदांनी १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काही काळ काम केलं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता येतो माझ्या आवडीचा भाग. दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोरच्या क्विटो शहरात एचसीजेबी नावाचं एक मिशनरी प्रक्षेपण केंद्र होतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंच. हवा विरळ. तिथं लावलेल्या यागी पद्धतीच्या अँटेनाच्या नळ्यांच्या टोकांना रात्री ठिणग्यांचे गोळे पेटत, कारण टोकाशी विजेचा दाब सर्वांत जास्त असतो आणि विरळ हवा तो सोसत नाही. टोकं वितळायला लागली. १९४२ मध्ये तिथल्या क्लॅरेन्स मूर या अभियंत्यानं विचार केला, की टोकंच ठेवली नाहीत तर? त्यानं तारेचा बंद चौकोन केला आणि मागे दुसरा चौकोन परावर्तक म्हणून. ठिणग्या थांबल्या. हा क्वाड अँटेना. मूरनं पुढे अमेरिकेत परत येऊन ध्वनियंत्रांची नामांकित कंपनी काढली; ती गोष्ट वेगळी.

गंमत अशी, की क्वाड जन्मला एका कारणासाठी आणि त्याची कीर्ती झाली दुसऱ्याच कारणासाठी. समुद्रसपाटीला, शंभर-दोनशे वॅटवर काम करणाऱ्या हौशीला ठिणग्यांची अडचण नव्हतीच. पण बातमी पसरली की क्वाड यागीपेक्षा लांब जातो. क्वाड लावला की बँड आधी उघडतो आणि उशिरा मिटतो, असं लोक शपथेवर सांगू लागले. १९५९ मध्ये बिल ऑर यांचं क्वाडवरचं पुस्तक आलं आणि बांबूच्या काठ्यांवर ताणलेल्या तारांचे चौकोन जगभर उभे राहिले.

हे लोक खोटं बोलत होते का? मुळीच नाही. त्यांना जे ऐकू आलं तेच त्यांनी सांगितलं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या : १९५७-५८ हा काळ सूर्यावरच्या डागांच्या नोंदीतला सर्वांत मोठा उच्चांक. त्या वर्षांत साध्या तारेवरही जग ऐकू येत होतं. शिवाय नवा अँटेना लावणारा माणूस जुनी गंजलेली केबल बदलतो, सांधे नव्यानं डाखतो, जमलं तर खांब पाच फूट वाढवतो. या सगळ्याचं श्रेय जातं चौकोनाला.

१९६८ मध्ये जेम्स लिंडसे या हौशीनं क्यूएसटी मासिकात मोजमापं दिली. उच्च वारंवारतेवर लहान प्रतिकृती करून त्यानं तोलल्या आणि तेवढ्याच लांबीच्या यागीपेक्षा क्वाडला सुमारे दोन डेसिबल जास्त मिळतात असा निष्कर्ष काढला. क्वाडवाल्यांना शास्त्राधार मिळाला. १९७९ मध्ये वेन ओव्हरबेक यानं हा प्रश्न पुन्हा उघडला, आणि त्याच्या मोजणीत तो मोठा फायदा टिकला नाही. आज संगणकावर गणित करून पाहिलं तर दोन चौकोनांचा क्वाड दोन नळ्यांच्या यागीपेक्षा साधारण एक डेसिबलनं सरस दिसतो. नळ्या वाढत गेल्या की तेवढंही अंतर राहत नाही.

एक डेसिबल म्हणजे किती? ताकदीत सव्वीस टक्के वाढ. ऐकायला बरी वाटते. पण रिसीव्हरवरच्या एस मीटरचा एक अंश सहा डेसिबलचा धरतात, म्हणजे चौपट ताकद. आणि दूरचा सिग्नल एकाच मिनिटात वीस डेसिबलनं, म्हणजे शंभर पटींनी, वरखाली होऊ शकतो. लाटा उसळणाऱ्या समुद्रात पाण्याची पातळी बोटभर वाढली की नाही, हे किनाऱ्यावर उभं राहून सांगण्यासारखं ते आहे. त्यात पुन्हा मीटर खरे नसतात. आंतरराष्ट्रीय हौशी संघटनेच्या युरोप-आफ्रिका विभागानं १९८१ मध्ये प्रमाण ठरवलं, एस नऊ म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट. बाजारातले बरेचसे मीटर ते आजही पाळत नाहीत.

मीटरचं सोडा, माणसाचं काय? स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक जण प्रत्येकाला "फाइव्ह नाइन", म्हणजे स्वच्छ आणि जोरदार, असाच शेरा देतो आणि लगेच विचारतो, तुमचं नाव परत सांगता का, नीट ऐकू आलं नाही! आणि "मी आज नवा अँटेना लावलाय, कसा येतोय?" असं विचारल्यावर भला माणूस काय उत्तर देणार? लग्नाच्या पंगतीत यजमानानं विचारलं की जेवण कसं झालंय, त्यातलाच प्रकार.

जाहिरातींबद्दल फार बोलत नाही. कोण डायपोलच्या तुलनेत आकडा सांगतो, कोण सर्व दिशांना सारखं फेकणाऱ्या काल्पनिक बिंदूच्या तुलनेत. फक्त माप बदललं की २.१५ डेसिबल फुकट मिळतात. क्यूएसटीनं तर कित्येक वर्षं जाहिरातींत हे आकडे छापायलाच नकार दिला होता. मासिकाचं उत्पन्न जाहिरातींवर असताना हे करायला धाडस लागतं.

२००० साली टॉम शिलर यांनी याच मासिकात एक लेख लिहिला. हा माणूस स्वतः अँटेना बनवून विकणारा. त्यानं काय केलं, एका बुटक्या खांबावर विजेचा दिवा, आपला साधा बल्ब, बसवला, त्याला ट्रान्समीटर जोडला आणि त्यावरून दूरदेशीचे संपर्क करून दाखवले. म्हणणं एवढंच, की सगळंच चालतं. बँड उघडा असला की बल्बसुद्धा चालतो. तेव्हा "माझा अमुक देशाशी संपर्क झाला" हे अँटेनाच्या गुणवत्तेचं प्रमाण होऊ शकत नाही. ज्या मापावर हौशी जगात ऐंशी वर्षं वाद चालले, ते एका बल्बनं निकालात काढलं.

मग माप कोणतं घ्यायचं? दोन वाटा निघाल्या. एक मैदानातली. वॉर्ड सिल्व्हर आणि स्टीव्ह मॉरिस या दोघांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारात मिळणारे तीन बँडांचे पूर्ण आकाराचे अँटेना आणले, एकेक करून मोकळ्या जागेत मनोऱ्यावर चढवले आणि संदर्भासाठी ठेवलेल्या डायपोलशी ताडून पाहिले. प्रतिकृती नाही, संगणक नाही, दुकानातून आलेली खरी वस्तू. जाहिरातींवरून वाटतो त्याहून त्यांच्यातला फरक कमी निघाला. पण मैदानात शेजारून मोजलं तर आरसा वगळला जातो. जमिनीवरून परावर्तन होऊन लहर कोणत्या कोनात वर उठते, हे तर दूरच्या संपर्कात निर्णायक. अर्धी तरंगलांबी उंचीवरचा आडवा डायपोल सुमारे तीस अंशांवर जोर देतो, पूर्ण तरंगलांबी उंच नेला तर चौदा-पंधरा अंशांवर. कोन जितका कमी तितकी उडी लांब. आणि उभ्या अँटेनाचं भवितव्य त्याच्या पायाखालच्या जमिनीवर. १९९० च्या दशकात एका अमेरिकन चमूनं जमैकाच्या किनाऱ्यावर, खाऱ्या पाण्याच्या अगदी कडेला साधे उभे अँटेना लावले आणि महागड्या दिशादर्शी अँटेनांच्या तोडीचं काम करून दाखवलं. तोच अँटेना कातळावर नेऊन लावा, निम्मी ताकद जमीन खाईल. म्हणजे "हा अँटेना चांगला" हे वाक्यच अपुरं. कुठला, कुठे, किती उंच, हे आल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दुसरी वाट आकाशातली : आरशाला वगळायचं नाही, दोन्ही अँटेनांना एकाच क्षणी तोच आरसा द्यायचा. २००८ मध्ये जो टेलर यांनी व्हिस्पर नावाची पद्धत हौशींना दिली. टेलर म्हणजे ज्यांना जोडपल्सारच्या शोधासाठी हल्स यांच्यासह १९९३ चं नोबेल मिळालं तेच. गोंगाटात बुडालेला क्षीण सिग्नल उपसून काढण्यात या माणसाची हयात गेली. व्हिस्परमध्ये यंत्र जवळपास दोन मिनिटं हळूहळू स्वतःचं नाव, जागा आणि ताकद पाठवतं. माणसाच्या कानाला जे मुळीच ऐकू येणार नाही, ते जगभरचे संगणक उलगडतात आणि सिग्नल-गोंगाटाचं प्रमाण एका सामाईक नोंदवहीत आपोआप भरतात. इथं कोणी यजमानाला बरं वाटावं म्हणून शेरा देत नाही. एकाच गच्चीवरून दोन अँटेनांवर, सारख्या ताकदीनं, एकाच वेळी पाठवायचं. पर्थमधल्या एकाच रिसीव्हरनं दोघांना दिलेल्या आकड्यांची वजाबाकी केली की आयनांबर दोन्हीकडून बरंचसं कटतं. असे शेकडो फरक दोन-तीन आठवडे जमवले, की एक डेसिबलबद्दलही बोलता येतं.

इतकं झाल्यावर वाटेल, सुटलं कोडं. पण इथंही एक ओलं लाकूड आहे, आणि ते भल्याभल्यांना फसवतं. समजा तुम्ही वजाबाकी केली नाही, प्रत्येक अँटेनाच्या सगळ्या नोंदींची सरासरी काढली. चांगल्या अँटेनाची सरासरी वाईट येऊ शकते! कारण नोंद होते ती फक्त उलगडलेल्या सिग्नलची. वाईट अँटेना दूरच्या ठिकाणी पोचतच नाही, तिथं त्याची नोंदच नाही. चांगला अँटेना तिथं कसाबसा पोचतो आणि त्याच्या नावावर एक कमी आकडा चढतो. आपल्याला हे कळायला अवघड नाही. एखादी शाळा कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावते आणि स्वतःचा दहावीचा निकाल शंभर टक्के मिरवते. शेजारची शाळा सगळ्यांना बसवते आणि तिचा निकाल पंच्याऐंशी. सरासरी कोणाची मोठी, आणि शाळा कोणती चांगली?

इथं कुमारिल भट्टांच्या मीमांसेतली अनुपलब्धीची चर्चा आठवते. न दिसणं हे ज्ञानाचं साधन होऊ शकतं, पण केव्हा? वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तेव्हा. टेबलावर घडा नाही हे उजेडात सांगता येतं, अंधारात नाही. व्हिस्परच्या नोंदवहीतल्या रिकाम्या जागेचंही तेच. पर्थचा रिसीव्हर त्या दोन मिनिटांत चालू होता आणि तुमचा दुसरा अँटेना त्यानं नोंदवला, पहिला नाही, तर ते 'नाही' बोलकं आहे. रिसीव्हरच बंद असेल तर ते नुसतंच 'नाही'. १९२१ च्या फेब्रुवारीतलं "काही ऐकू आलं नाही" हे यांपैकी कोणतं होतं?

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच आकड्यात येत नाही. चांगला म्हणजे कशासाठी चांगला? २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशींचं पथक पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. अंदमानातून हौशी प्रसारण फार दुर्मिळ, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्क साधायला धडपडत होते. २६ तारखेला त्सुनामी आली. दळणवळण तुटलं, आणि जे पथक हजारो किलोमीटरवरच्या छांदिष्टांशी बोलत होतं त्यानं माणसांच्या खुशालीचे आणि मदतीचे निरोप पोचवायला घेतले. पोर्ट ब्लेअरहून कार निकोबार पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, चेन्नई तेराशेहून अधिक. छंदाच्या मापानं ही अंतरं किरकोळ. पण कमी कोनात लहर फेकणारा, लांब उडीचा अँटेना जवळच्या टापूच्या डोक्यावरून निघून जातो. तीनशे किलोमीटरसाठी लहर जवळजवळ सरळ वर जाऊन आरशावर आपटून खाली यावी लागते. त्याला सात मेगाहर्ट्झवर वीस मीटर लांबीची आडवी तार, जमिनीपासून जेमतेम पाच-सहा मीटरवर बांधलेली, उत्तम. पुण्याहून लातूरशी दिवसा बोलायचं तर हीच तार हवी. व्हिस्परच्या नोंदवहीत युरोपच्या रकान्यात ती सपशेल मागे पडेल. लातूरला तुमच्या नोंदी घेणारा कोणी बसलेला नसला, तर तिचा गुण त्या वहीत कुठेच दिसणार नाही.

वेळ झालीय. प्रश्न घेऊ या.